सात गुणांची कारकीर्द

अमेरिकेंतील धंदेवाईक बास्केटबॉलच्या नोंदवहींत वातारु मिसाका या नांवापुढें एकच ओळ आहे. हंगाम १९४७-४८, संघ न्यूयॉर्क निकरबॉकर्स, सामने तीन, गुण सात. त्या ओळीच्या आधीं कांहीं नाहीं आणि नंतरही कांहीं नाहीं. ज्या खेळांत एकेक खेळाडू शेंकडों सामने खेळतो आणि हजारों गुण मिळवितो, त्या खेळाच्या इतिहासांत ही ओळ म्हणजे दर्यांतली खसखस! या सदरांत आम्ही बहुधा दीर्घ आणि भरघोस कर्तृत्वाच्या व्यक्तींचा परिचय करून देतों. मग या महिन्यांत इतक्या तुटपुंज्या कारकीर्दीची निवड कां केली, असा प्रश्न सुज्ञ वाचकांच्या मनांत येणें स्वाभाविक आहे. त्याचें उत्तर असें कीं, ही ओळ लिहिली जाण्यापूर्वीं एका कुटुंबाला कशांतून जावें लागलें आणि ती संपल्यावर त्या तरुणानें काय केलें, हें पाहिलें म्हणजे यशापयशाविषयींच्या आपल्या कांहीं ठाम समजुती पुन्हां एकदां तपासून पाहाव्याशा वाटतात.

बास्केटबॉल हा खेळ आपल्याकडे अपरिचित नाहीं. वाय. एम. सी. ए. या संस्थेच्या द्वारें तो भारतांत आला आणि शाळा-कॉलेजांच्या पटांगणांवर रुळला. मुळांत तो १८९१ सालीं अमेरिकेंतील स्प्रिंगफील्ड येथें जेम्स नाइस्मिथ या व्यायामशिक्षकानें काढला. कडाक्याच्या थंडींत तरुणांना छपराखालीं खेळतां यावें, हा त्यांतला हेतु. उंचावर दोन फळांच्या टोपल्या टांगावयाच्या आणि त्यांत चेंडू टाकावयाचा, एवढीच मूळ कल्पना. टोपली उंच, तेव्हां उंच माणसाला हा खेळ साहजिकच अनुकूल. मिसाकाची उंची अवघी पांच फूट सात इंच होती. हें उणें त्यानें पायांच्या चपळाईनें भरून काढलें. प्रतिपक्षाच्या उत्तम खेळाडूला सांवलीसारखें चिकटून राहावयाचें आणि त्याला सुखासुखीं चेंडू टाकूं द्यावयाचा नाहीं, हें त्याचें खरें कौशल्य. त्याला ‘वॅट’ या संक्षिप्त नांवानें हांक मारीत. त्या नांवांत विजेचें माप असल्यामुळें त्याच्या खेळावर खूष झालेल्या लोकांनीं त्याचें ‘किलोवॅट’ करून टाकलें.

त्याचा जन्म २१ डिसेंबर १९२३ रोजीं युटा संस्थानांतील ऑग्डेन या गांवीं झाला. ऑग्डेन हें आगगाड्यांचें मोठें जंक्शन. तेथील पंचविसावा रस्ता दारूचे गुत्ते आणि जुगार यांसाठीं बदनाम होता, आणि त्याच रस्त्यावर वातारूच्या वडिलांचें केशकर्तनालय होतें. दुकानाच्या तळघरांत हें जपानी कुटुंब राहत असे. ज्यांच्या दाढ्या करावयाच्या त्यांच्याच पंक्तीला बसावयाचें नाहीं, अशी स्थिति. जपानी चेहरा पाहून सेवा नाकारणारीं उपाहारगृहें गांवांत होतीं.

येथें एक गोष्ट वाचकांनीं लक्षांत घेतली पाहिजे. त्या काळच्या कायद्याप्रमाणें जपानांत जन्मलेल्या माणसाला अमेरिकेचें नागरिकत्व मागतां येत नसे. आपल्या लोकांचीही तीच कथा. भगतसिंग थिंड या शीख गृहस्थाला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें १९२३ सालीं, म्हणजे वातारूच्या जन्माच्याच वर्षीं, नागरिकत्वास अपात्र ठरविलें होतें. भारतीयांना तो हक्क १९४६ सालीं मिळाला आणि जपान्यांना १९५२ सालीं. मुलें मात्र अमेरिकेच्या भूमीवर जन्मल्यामुळें जन्मतःच नागरिक. एकाच चुलीवरचें अन्न खाणारीं माणसें, पण आईबाप परके आणि मुलें देशाचीं!

वातारु पंधरा वर्षांचा असतां वडील वारले. जपानांत आप्त होते. मुलांना घेऊन तिकडेच परत जावें, असा विचार आईच्या मनांत येणें अगदीं साहजिक होतें. तिनें मुलाजवळ तो बोलून दाखविला. मुलानें नकार दिला. त्याचें घर ऑग्डेन, त्याची भाषा इंग्रजी, त्याचे सोबती तेथलेच. त्या माउलीनें हट्ट धरला नाहीं. परक्या मुलखांत पतीचें दुकान तिनें स्वतः चालवावयास घेतलें आणि त्या उत्पन्नावर मुलांचीं शिक्षणें चालू ठेवलीं. त्या वेळीं तीं सर्व जपानला गेलीं असतीं, तर दोन-तीन वर्षांनीं युद्धाचा वणवा पेटल्यावर तो तरुण कोणत्या सैन्यांत असता, हें सांगावयास नको.

मुलानें आईच्या कष्टांचें चीज केलें. १९४० सालीं ऑग्डेन हायस्कूलच्या संघानें संस्थानाचें अजिंक्यपद मिळविलें, त्यांत तो होता. पुढें वेबर कॉलेजांतून खेळतांना १९४२ आणि १९४३ अशीं लागोपाठ दोन वर्षें त्याच्या संघानें ज्युनिअर कॉलेजांच्या स्पर्धा जिंकल्या. तेथून तो युटा विद्यापीठांत दाखल झाला. पण या तारखा पाहतांना त्याच वर्षांच्या दुसऱ्या तारखांचा विसर पडतां कामा नये.

७ डिसेंबर १९४१ रोजीं जपाननें पर्ल हार्बरवर हल्ला केला. १९ फेब्रुवारी १९४२ रोजीं राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनीं ९०६६ क्रमांकाचा हुकूम काढला आणि त्याच्या आधारें पश्चिम किनाऱ्यावरील सुमारें एक लक्ष वीस हजार जपानी वंशाच्या लोकांना घरेंदारें सोडावयास लावून छावण्यांत डांबण्यांत आलें. त्यांतील सुमारें दोन-तृतीयांश लोक जन्मानें अमेरिकन नागरिक होते. कोणावर आरोप नाहीं, कोणाची चौकशी नाहीं. आजोबांचा देश हाच काय तो गुन्हा. यांपैकीं एक छावणी खुद्द युटाच्या वाळवंटांत टोपाझ या ठिकाणीं १९४२ पासून १९४५ पर्यंत होती. ऑग्डेन हें गांव किनाऱ्यापासून दूर, म्हणून मिसाका कुटुंब या हुकुमांतून वांचलें. म्हणजे काय, तर नकाशावर ओढलेल्या एका रेषेमुळें एक जपानी मुलगा विद्यापीठाच्या नांवानें टाळ्या घेत होता आणि रेषेच्या पलीकडचीं तशींच मुलें त्याच संस्थानांत कांटेरी तारांच्या आड दिवस काढीत होतीं.

१९४४ सालचा युटाचा संघ कोंवळ्या पोरांचा होता. न्यूयॉर्कच्या निमंत्रितांच्या स्पर्धेंत केंटकीनें त्यांना पहिल्याच सामन्यांत हरविलें. परत फिरावयाचें, इतक्यांत राष्ट्रीय कॉलेज स्पर्धेंतून अर्कान्सासच्या संघानें माघार घेतली. एका मोटार-अपघातांत त्यांचे दोन खेळाडू जखमी झाले होते. ती रिकामी जागा युटाला देऊं करण्यांत आली आणि मुलांनीं ती स्वीकारली. दुसऱ्याच्या दुर्दैवानें मिळालेल्या त्या संधीचें त्यांनीं सोनें केलें. अंतिम सामना मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्यें डार्टमथशीं झाला. नियमित वेळेंत बरोबरी, आणि जादा वेळांत युटाचा ४२ विरुद्ध ४० असा विजय! दोन दिवसांनीं रेड क्रॉसच्या मदतीसाठीं झालेल्या सामन्यांत निमंत्रितांच्या स्पर्धेचा विजेता सेंट जॉन्स हाही त्यांच्यापुढें नमला. देश जपानशीं लढत असतां, जपानी चेहऱ्याचा एक बुटका मुलगा चेंडूमागें धांवत आहे आणि न्यूयॉर्कचे हजारों प्रेक्षक त्याला शाबासकी देत आहेत, असें तें दृश्य होतें.

विजयाचा आनंद ओसरतो न ओसरतो तोंच लष्कराचें बोलावणें आलें. युद्ध संपल्यावर त्याची रवानगी जपानांत झाली आणि अणुबाँबच्या परिणामांची पाहणी करणाऱ्या पथकाबरोबर तो हिरोशिमांत गेला. जे वांचले होते त्यांना भेटून त्यांच्या मुलाखती घ्यावयाच्या, हें काम. अंगावर अमेरिकन सैनिकाचा पोशाख, तोंडावळा मात्र समोर बसलेल्या भाजलेल्या, पोळलेल्या माणसांसारखा. अमेरिकेंत त्याला जपानी समजत. जपानांत तो जेत्यांचा शिपाई होता. एकवीस-बावीस वर्षांच्या मुलाच्या मनावर त्या शहरांतील दिवसांचा काय ठसा उमटला असेल, याची कल्पना ज्याची त्यानेंच करावी.

परत येऊन तो पुन्हां विद्यापीठांत बसला आणि पुन्हां मैदानावर उतरला. १९४७ च्या मार्च महिन्यांत निमंत्रितांच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यांत युटासमोर केंटकी विद्यापीठाचा बलाढ्य संघ उभा राहिला. त्यांचा राल्फ बिअर्ड हा देशांतील नांवाजलेल्या खेळाडूंपैकीं एक. त्याला अडविण्याची कामगिरी मिसाकावर सोंपविली होती. संबंध सामन्यांत बिअर्डला अवघा एक गुण मिळाला! युटानें ४९ विरुद्ध ४५ असा विजय मिळविला. प्रेक्षकांत नेड आयरिश हे गृहस्थ होते. न्यूयॉर्कच्या धंदेवाईक संघाचे ते प्रमुख. त्यांनीं हा सामना पाहिला आणि त्या वर्षींच्या खेळाडूंच्या निवडींत मिसाकाला आपल्या संघांत घेतलें.

धंदेवाईक बास्केटबॉलचा तो काळ अगदीं बाल्यावस्थेंतला होता. बास्केटबॉल असोसिएशन ऑफ अमेरिका ही संघटना १९४६ सालीं निघाली होती. लोकांची गर्दी कॉलेजांच्या सामन्यांना होई; पगारी खेळाडूंचे सामने पाहावयास त्या मानानें थोडेच जात. १९४९ सालीं ही संघटना दुसऱ्या एका संघटनेशीं एकरूप झाली आणि आज जगभर गाजणारी एन. बी. ए. जन्मास आली. एन. बी. ए. आपला इतिहास १९४६ पासूनच मोजते. त्यामुळें मिसाका हा त्या इतिहासांतील पहिला गोरेतर खेळाडू ठरतो. १९४७ च्या नोव्हेंबरांत तो न्यूयॉर्कतर्फें उतरला. तीन सामन्यांत दोन-दोन गुणांच्या तीन टोपल्या आणि एक फ्री थ्रो, मिळून सात गुण. त्यानंतर संघाच्या चालकांनीं त्याला मोकळें केलें.

कारण काय? वर्णद्वेष म्हणावें, तर तसें म्हणावयास स्वतः मिसाका तयार नव्हता. त्याच्या जागीं खेळणारे गडी संघांत पुरेसे होते आणि कोणाला तरी जावें लागणार होतें, असेंच तो पुढें सांगत राहिला. त्याच वर्षीं १५ एप्रिल रोजीं जॅकी रॉबिन्सन हा नीग्रो खेळाडू ब्रुकलिनच्या संघांतून बेसबॉलच्या मैदानावर उतरला होता, आणि त्या घटनेनें सारा देश ढवळून निघाला होता. त्याच शहरांत अवघ्या सात महिन्यांनीं घडलेल्या या दुसऱ्या ‘पहिलेपणा’ची दखल मात्र जवळजवळ कोणी घेतली नाहीं. रॉबिन्सनच्या मागें लक्षावधि लोकांची आशा उभी होती. मिसाकाच्या मागें एका लहानशा, युद्धानें भेदरलेल्या समाजाखेरीज कोण होतें? शिवाय तीन सामन्यांत लोकांनीं कोणाला कितीसें ओळखावें!

आतां त्यानंतरच्या त्याच्या वागणुकीकडे पाहूं. देशभर हिंडून सामने करणाऱ्या हार्लेम ग्लोबट्रॉटर्स या प्रसिद्ध संघाकडून त्याला बोलावणें आलें. लोकांची करमणूक करून पैसा मिळविणारा तो संघ, आणि तेथें त्याला आणखी कांहीं वर्षें सहज खेळतां आलें असतें. त्यानें तें नाकारलें. न्यूयॉर्कला जातांना इंजिनिअरिंगचा अभ्यासक्रम पुरा व्हावयाचा राहिला होता. तो घरीं परतला, पदवी घेतली आणि सॉल्ट लेक सिटी येथें इंजिनिअर म्हणून नोकरी करूं लागला. विवाह केला, मुलांबाळांचा संसार केला. न्यूयॉर्कनें मला टाकलें, हें दुःख उगाळीत बसणें त्याला ठाऊकच नव्हतें.

येथें राल्फ बिअर्डची आठवण झाल्याखेरीज राहत नाहीं. ज्याला मिसाकानें एका गुणावर रोखलें, तो पुढें १९४८ च्या ऑलिंपिक सामन्यांत सुवर्णपदक मिळविणाऱ्या अमेरिकन संघांत होता. धंदेवाईक खेळांतही त्यानें दोन हंगामांत पहिल्या प्रतीचें नांव कमावलें. पण १९५१ सालीं कॉलेजच्या दिवसांत जुगाऱ्यांकडून पैसे घेतल्याचें प्रकरण उघडकीस आलें. पैसे घेतल्याचें त्यानें मान्य केलें. मुद्दाम वाईट खेळल्याचा आरोप मात्र तो अखेरपर्यंत नाकारीत राहिला. एन. बी. ए.नें त्याला कायमचें बंद केलें. दोघांच्याही कारकीर्दी अल्पायुषी. परंतु एकानें निघतांना दार हळूच लोटून घेतलें आणि दुसऱ्यावर तें आपटून लावलें गेलें. बिअर्डच्या गुणांची बेरीज मिसाकाच्या कितीतरी पट आहे. तरीही, आपल्या मुलानें यांपैकीं कोणाच्या वाटेनें घरीं परत यावें, असें कोणा आईबापांना विचारलें तर त्यांना उत्तर शोधावें लागणार नाहीं.

मात्र या कथेचा एक सोयिस्कर अर्थ काढला जाण्याचा संभव आहे, त्याविषयीं सावध राहिलें पाहिजे. मिसाकानें तक्रार केली नाहीं, म्हणून तक्रारीला जागाच नव्हती, असें कोणी म्हणेल तर तें चूक होय. एका माणसाची शांत वृत्ति हा त्याचा सद्गुण. त्यामुळें त्याच्या देशानें केलेला अन्याय धुऊन निघत नाहीं. टोपाझच्या तारा खऱ्या होत्या. तो अन्याय होता, हें अमेरिकेच्या सरकारला १९८८ सालीं कायदा करून कबूल करावें लागलें. त्यानें माफी मागितली आणि छावण्यांत राहिलेल्यांपैकीं हयात असलेल्या प्रत्येकाला वीस हजार डॉलर भरपाई दिली. तोंपर्यंत त्या पिढींतील किती वृद्ध काळाच्या पडद्याआड गेले होते! अन्यायाविरुद्ध दाद मागणारे होते, म्हणून तो दिवस उजाडला. मिसाकाचा शांतपणा आणि त्यांचा लढा, या दोहोंची त्या समाजाला गरज होती.

आणि दार एकदां किलकिलें झालें तें झालेंच. १९५० सालीं चार्ल्स कूपर, नॅथॅनिएल क्लिफ्टन आणि अर्ल लॉइड हे नीग्रो खेळाडू एन. बी. ए.मध्यें दाखल झाले. त्यांतील क्लिफ्टन तर न्यूयॉर्कच्याच संघांत. २०१२ सालीं त्याच संघांत जेरेमी लिन या तैवानी मातापित्यांच्या अमेरिकन मुलाच्या खेळानें सारें न्यूयॉर्क वेडें झालें, तेव्हां लोकांना पासष्ट वर्षांपूर्वींच्या त्या बुटक्या जपान्याची आठवण झाली. त्याआधीं १९९९ सालीं युटाच्या क्रीडावीरांच्या मालिकेंत त्याला स्थान मिळालें होतें आणि २००८ सालीं त्याच्या जीवनावर माहितीपटही निघाला होता. २० नोव्हेंबर २०१९ रोजीं, शहाण्णवावें वर्ष पुरें होण्यास महिना उरला असतां, सॉल्ट लेक सिटींत त्याचें देहावसान झालें. त्याच्या पश्चात् अवघ्या दोन-तीन वर्षांत, म्हणजे २०२२ सालीं, युटा विद्यापीठानें त्याचा वीस क्रमांकाचा सदरा सन्मानपूर्वक राखून ठेवला. तो क्रमांक आतां तेथें दुसऱ्या कोणास मिळावयाचा नाहीं.

आपल्या घरांतून खेळ कीं अभ्यास, हा वाद नेहमींचाच आहे. मुलानें बॅट किंवा चेंडू हातीं घेतला कीं वडीलधाऱ्यांना परीक्षेची काळजी लागते, आणि ती अगदींच अनाठायीं असते असेंही नाहीं. मिसाकानें दोन्ही केलें. संधि आली तेव्हां पुस्तकें मिटून तो न्यूयॉर्कला गेला. संधि संपली तेव्हां येऊन तीं पुन्हां उघडलीं. तो गेलाच नसता, तर इंजिनिअर थोडा लवकर झाला असता एवढेंच. पण ती एक ओळ लिहिली गेली नसती. परतून तो अभ्यासाकडे वळलाच नसता, तर ती ओळ त्याच्या साऱ्या आयुष्यावर पसरली असती.

म्हणून घरांतील एखादा मुलगा किंवा मुलगी खेळासाठीं, गाण्यासाठीं, एखाद्या नव्या धाडसासाठीं बाहेर पडूं म्हणेल, तर परतीची वाट मोकळी ठेवून त्यांना जाऊं द्यावें. यश आलें तर आनंदच आहे. न आलें, तर दारांत उभें राहून ‘आम्ही सांगत होतों’ हे तीन शब्द तेवढे कोणीं उच्चारूं नयेत. पाय धुवावयास पाणी द्यावें, पान वाढावें, आणि राहिलेला अभ्यास कधीं सुरू करावयाचा तें दुसऱ्या दिवशीं विचारावें.